एक कुपी उरली आहे

प्रिय नमिता,

प्रणितला जाऊन पाच महिने होतायत. तू पेणची खोली सोडून रोह्याला माहेरी गेलीस, हे आईनं गावाहून, जित्याहून कळवलं. तुझे तीन फोन मी उचलले नाहीत, रागावू नकोस. बोलायला लागले की रडू येतं, म्हणून लिहितेय.

तुमच्या लग्नात प्रणितनं, माझ्याच भावानं, माझी केवढी फिरकी घेतली होती! मी रक्ताच्या पेशींतल्या ज्या आरएनएवर काम करते तो एकही प्रथिन बनवत नाही, हे कळलं मात्र, ताई कचऱ्यावर काम करते, असं पठ्ठ्या मांडवभर सांगत सुटला. पूर्वी शास्त्रज्ञही अशा आरएनएला कचराच समजायचे. मग मी समजावलं, की हाडांच्या आतल्या मज्जेत कोवळ्या पेशीनं लाल व्हायचं की पांढरं, वाढ कधी थांबवायची, यावर असले आरएनए लक्ष ठेवतात. ते बिघडले तर पेशी पिकतच नाहीत, नुसत्या वाढत राहतात. तेव्हा म्हणाला, "म्हंजे आमच्या गणपतीच्या कारखान्यातला शेट. हातानं काय करीत नाय, पन नसला तं सगला घोटाला." इतकं सोपं मला आजवर कुणाला सांगता आलेलं नाही.

आषाढात, कारखान्यात काम जोरात असताना, त्यानं फोनवर मांडीवरच्या काळ्यानिळ्या डागांचं सांगितलं. हिरड्यांतून रक्त येतं म्हणाला. मी त्याला काय सांगितलं, ठाऊक आहे? साचे उचलताना लागलं असेल, आवळा खा. रोज हेच रक्त बघणारी मी! वीस दिवसांनी तुम्ही त्याला माझ्याकडे पुण्याला आणलंत, तोवर रक्ताचा कर्करोग फार पुढे गेला होता. माझं ते आवळ्याचं बोलणं त्यानं तुला सांगितलं नसणार. शेवटपर्यंत मला सांभाळून घेतलं त्यानं.

पेशी संशोधनाला द्यायच्या संमतीच्या कागदावर त्यानं हौसेनं सही केली होती. त्याच्या पेशींच्या चार कुप्या आम्ही गोठवल्या, तीन वापरून झाल्या. ज्या पेशींनी त्याला नेलं त्याच या, पण नमिता, त्या अजून जिवंत आहेत. त्यांच्यात एक आरएनए जवळजवळ नाहीच. तो परत घातला तर त्या पिकतात का, हे पुढच्या महिन्यात बघायचंय. त्यात चौथी कुपी संपेल. कागदाप्रमाणे तुला विचारायची गरज नाही, तरी विचारतेय. तू हो म्हणालीस तर मी ते काम मन लावून करीन. पण खरं सांगू? तू नको म्हणावंस, म्हणून हे पत्र लिहिलंय.

तुझीच,
प्रतिक्षाताई