मागे गिरणी चालू आहे का?

४ मे
पुण्याच्या कंपनीचं उत्तर आलं. "आवाज छान आहे, बोलताही छान. पण मागे पिठाची गिरणी चालू आहे का?" गिरणी कुठली, माझा पीसी आहे तो. पंखे.
गेमच्या मॅचची मराठी कॉमेंट्री करणारी पाहिजे त्यांना. रोज दुपारी तीनची लाइव्ह मॅच, अर्धा तास, मागे आवाज नको. २० तारखेपर्यंत रेकॉर्डिंग पुन्हा पाठवा म्हणाले. नाही जमलं तर जूनमध्ये परत शाळा, पहिलीचा वर्ग. "मॅडम, शू लागली." राजीनामा देताना काय तोरा होता माझा! अख्ख्या ताडकळस गावाला माहीत आहे.

६ मे
पंखे हळू केले. खोली एकदम शांत. अकराव्या मिनिटाला पीसी ९६ डिग्री आणि फटकन बंद. ऐन रंगात आलेली मॅच. जोरात केले की गिरणी, हळू केले की भट्टी. डोक्यावर पत्रा, बाहेर ४४.
पीसीचं हे कॅबिनेट उमेशनं निवडलं. माझा धाकटा भाऊ. आतल्या लाइटा दिसाव्या म्हणून समोर बंद काच. हवा शिरणार कुठून? फोनवर म्हणतो, "ताई, एसी बसव ना." मेल्या, तू गेलास पुण्याला, भोगायले मी.

७ मे
उघडून बघितलं. मागचा पंखा उलटा बसवलेला! गरम हवा बाहेर फेकायची सोडून आत ओढायलाय. वर्षभर. सरळ केला. मूठभर धूळ निघाली. समोरची काच काढून फेकली, तिथं मच्छरदाणीचा तुकडा लावला. ८४ डिग्री, पंखे अर्ध्यावर. आवाज अजून येतोच, पण कमी.

९ मे
बाबा वर आले. तीस वर्षं एसटी चालवली, डाव्या कानानं ऐकू येत नाही. जरा वेळ बघत उभे राहिले. "हे काम हाय का गं? दुसऱ्याचा खेळ बघून बडबडायचं?"
तोंडाला आलं ते मी बोलले. "तुमी जन्मभर स्टिअरिंग फिरवलं, मी कधी इचारलं का ते काम हाय का म्हणून?"
बाबा खाली गेले. आईनं जेवताना ताट माझ्यापुढं आपटलं. बोलायला नको होतं.

१३ मे
पीसी दाराशी नेला, मी कोपऱ्यात, मधे दोरीवर दोन गोधड्या. बाजूचं झाकण उघडंच. पंचवीस मिनिटं स्वच्छ आवाज! आणि लाइट गेली. पाच मिनिटं राहिली होती फक्त. माझं नशीबच फुटकं. आई म्हणाली, "अगं, रडायलीस काय लहान पोरीसारखी?"

१७ मे
लिहवत नाही.
मॅच सुरू व्हायला दहा मिनिटं होती, पाणी प्यायला खाली गेले. येऊन बघते तर बाबा खोलीत. बैठकीतला कूलर एकट्यानं जिना चढवून आणलेला. टाकी काठोकाठ भरलेली, तोंड उघड्या कॅबिनेटकडं, फुल स्पीड. पाण्याचे थेंब उडायलेत. स्क्रीन काळी. जळका वास.
शर्ट घामानं चिंब, आणि हसायलेत. "गाडी तापली की आमी हेच करायचो. बॉनेट उघडायचं, पाणी घालायचं. बघ, गार पडलं. आवाज बी बंद झाला. आता बोल तुला किती बोलायचं ते."
वाटलं ओरडावं. तोंडातून निघालं, "बरं केलं बाबा."

१८ मे
मैत्रिणीकडे चालले म्हणून सांगितलं आणि ग्राफिक कार्ड, मदरबोर्ड पिशवीत घालून परभणीला नेलं. दुकानदारानं वास घेतला, मान हलवली. दोन्ही गेली. "पाणी कुणी घातलं मॅडम यात?" काय सांगू? मीच, म्हटलं.
बाबांना सांगितलं तर रागावणार नाहीत. काहीच म्हणणार नाहीत. तेच बघवणार नाही मला.

१९ मे
कूलर खाली न्या म्हटलं, आई घामानं निथळायलीय. "राहू दे, तुझ्या मशीनला लागतो. आमाला सवय हाय." ओला टॉवेल पोटावर टाकून पडलेत दोघं.
तीन वाजता जिन्यातून बाबांची हाक. "सुरू झालं न्हाई का अजून?"
हेडफोन घातला. काळ्या स्क्रीनसमोर बसून बोलत सुटले. कोण कुठं लपलाय, कुणी कुणाला मारलं, सगळं मनानं. वीस मिनिटं. मी कधी इतकं चांगलं बोलले नसेन. खाली बाबा आईला सांगत होते, "ऐक, लाइव्ह चाललंय तिचं."
गोधडीत तोंड खुपसून रडले. रागच आला जास्त. त्यांचा, उमेशचा, माझा.

२० मे
शेवटची तारीख. 'आठ दिवस वाढवून द्या' असा मेल लिहून ठेवलाय. पाठवला नाही. आठ दिवसांत तरी मशीन कुठून आणू?
पावणेतीन झालेत. बाबा शेजारच्या काकांना ऐकायला घेऊन आलेत. दोघं जिन्याच्या पायरीवर बसलेत. "सांगू का पोरीला, जरा जोरात बोल म्हणून?" काका विचारायलेत. बाबा म्हणतात, "गप बसा हो, कामात हाय ती."
आज कोण जिंकणार, ते अजून ठरवलं नाही.