आडातला श्वास

२ जून
परदेशी भयपटांचा ब्लू-रे संच पाहून संपवला. चित्र झकास, सोबतची पुस्तिका मूर्ख. प्रस्तावनाकारानं चित्रपट पाहिलेलाच नाही. रविवारच्या सदरात तसंच लिहिलं. संपादकांचा फोन, "सर, जरा सौम्य." सौम्य हवं तर पाककृती छापा.

५ जून
आली! आपली जुनी टीव्ही मालिका, 'पल्याडचा आड', अखेर डिस्कवर. पहिला संच. सभांमधून किती वर्षं घसा फोडला यासाठी. आणि वेष्टनावर आमचा दत्तू! 'आडातलं भूत: दत्तात्रय पिशोरकर.' हे भूत कधीच दिसत नाही. रिकाम्या रांजणात तोंड घालून दत्तूनं घेतलेला श्वास, तेवढंच भूत.

६ जून
पाहिली. भूत गायब!
कॅसेटवर टीव्हीवरून उतरवलेले भाग आहेत माझ्याकडे. ते लावून ताडून पाहिलं; तिथं श्वास अजून आहे. या नतद्रष्टांनी आवाजातली खरखर काढली, तिच्याबरोबर श्वासही पुसला. नायिका आडात वाकते, कान देते, किंचाळून पळते. कशाला भिऊन? शांततेला? कंपनीला फोन. कुणीतरी पोरगी: "सर, नॉइज होता तो, क्लीन केला." नॉइज! बाई, तो माणूस होता!

८ जून
चितेगावला, दत्तूकडे. ऐकू जवळजवळ येत नाही आता. डिस्कचा डबा देव्हाऱ्याशेजारी.
"नातू लई भ्यालाय माझ्या भुताला!"
मी मान डोलावली. मी!
"तू चांगलं लिही बरं का. खपली तर दुसरा संच काढू म्हणत्यात. त्यात तर मी आडात रडतो, आठवतं का?"
सून फाटकापर्यंत आली. "काका, आवाजच नाही हो त्यात. बाबांना सांगितलं नाही. ते बघायला बसले की आम्ही घाबरल्यासारखं करतो. पोरालासुद्धा शिकवलंय."

१० जून
लेख झाला. एकेक वाक्य चाबूक. छापला तर कंपनी दुसरा संच काढायची नाही, आणि दत्तू तर माझं सदर शब्द न् शब्द वाचतो. नाही छापला, तर दुसऱ्या संचातलं रडणंही हे असंच पुसतील. आणि मी कोणत्या तोंडानं पुन्हा व्यासपीठावर...

११ जून
संपादक: "सर, पान अडलंय." अडू दे.
दुपारी दत्तूच्या सुनेचा फोन. मागून त्याचाच आवाज, ओरडून: "सांग त्याला, उद्या येतो म्हणावं! त्याचा स्पीकर मोठा हाय. वर हात ठेवला की माझा श्वास लागंल हाताला!"
सून हळूच: "काका, काय करू?"
"येऊ दे," म्हणालो.
लेख पाठवलेला नाही. कॅसेटवरची धूळ पुसली. डिस्क तिच्याशेजारी ठेवली आहे.