चाकूरहून नांदेडला, हवाई अंतराने

तीर्थस्वरूप श्रीशैलमामांस,

चाकूरहून मंजुश्रीचं शरणार्थ. तुमची तब्येत ठणठणीत असावी, कारण मला भांडायचं आहे आणि आजारी माणसाशी मी भांडत नाही. मामींचे गुडघे कसे आहेत? (हे मनापासून विचारलं आहे. पुढचं सगळं रागाने लिहिलं आहे.)

तुम्ही आप्पांच्या फोनवर पाठवलंत: लातूर विमानतळ ते नांदेड विमानतळ, हवाई अंतर सव्वाशे किलोमीटर, वेळ अर्धा तास. एवढंच. नांदेडच्या शाळेत गणिताच्या जागेसाठी माझी मुलाखत अकराला होती. घरातली पहिली पदवीधर एसटीत उभी राहून जाणार, हे आप्पांना आधीच खुपत होतं. त्यांनी किराणा दुकान बंद ठेवलं आणि निजामोद्दीनचाचांची जीप ठरवली. सकाळी सातला आईने विभूती लावली, हातावर दही-साखर ठेवली, आणि मी विमानाने चालले म्हणून अख्खी गल्ली निरोपाला हायवेपर्यंत आली.

हायवेवर चाचांनी गाडी थांबवून विचारलं, "आप्पा, नांदेड तर हिकडं हाय. अकराच्या आत सोडतो की."

"आपण रस्त्यानं न्हाई चाललो," आप्पा म्हणाले.

तर नांदेडला जायला आम्ही नांदेडकडे पाठ करून पन्नासेक किलोमीटर गेलो. विमानतळाच्या फाटकासमोर आप्पांनी नारळ फोडला. रखवालदाराने खोबरं घेतलं, चावून संपवलं (घाई कसली), आणि मग सांगितलं की इथून नांदेडला विमान नाही.

परतताना पुन्हा चाकूर. हायवेवरच्या हॉटेलात तीच मंडळी चहा पीत होती. नांदेडला जाऊन परतसुद्धा आली, असं वाटून त्यांनी हात हलवले. आप्पा सीटखाली चप्पल शोधत राहिले, गाव मागे पडेपर्यंत.

शाळेत एक वाजता पोहोचले. उशीर का, असं मुख्याध्यापिका बाईंनी विचारलं. विमानतळावर होते, म्हटलं. त्यांनी माझ्या पदवीच्या कागदाकडे पुन्हा एकदा पाहिलं. मामा, पाठवण्याआधी विमान आहे की नाही, एवढं विचारायला तुम्हाला काय झालं होतं? शिकलेल्यांना समाजाने असंच खाली बघायला लावायचं का?

तुमची,
मंजुश्री

ता. क. बाईंनी सोमवारी अकराला पुन्हा बोलावलं आहे. मी रविवारीच तुमच्याकडे मुक्कामाला येते, एसटीने. भांडण तोवर बाजूला ठेवू.

आणखी ता. क. आप्पांनी आदल्या दिवशी मला विचारलं होतं, "मंजे, तू शिकलेली हायस, बघ बरं हे खरं हाय का." मी पाकिटाच्या पाठीवर सव्वाशेला विमानाच्या ताशी पाचशेने भागलं. पाव तास आला. चढण्या-उतरण्याला पाव तास धरला आणि बरोबर आहे म्हणून सांगितलं. विमान आहे का, हे मीही विचारलं नाही. आता आप्पा गल्लीत सांगतात, पोरगी नको म्हणत होती, मलाच फोनवरचं नीट वाचता आलं न्हाई. मी शेजारी गप्प उभी असते. तर फोन करून सगळी चूक तुमची होती, असं त्यांना सांगाल का? तुम्ही पदवीधर नाही, तुम्हाला चालून जाईल.

शेवटचं ता. क. फोन करू नका. मी आत्ताच दुकानात जाऊन आप्पांना सगळं सांगितलं. ते बराच वेळ साखर तोलत राहिले. मग म्हणाले, "पर भागाकार बरोबर हुता न्हवं?" हो, म्हटलं. आता ते पाकीट गिऱ्हाइकांना दाखवत बसलेत.