मागून दाबलेली तार

९ जानेवारी

आज सकाळपासून एकच संध्याकाळ डोळ्यांसमोर. कापसाचा हंगाम, रविकांत मार्केटमधून आलेला, बाहीला कापसाचे तंतू. एका हातात चहा, दुसऱ्या हाताचं बोट माझ्या हवाईयन गिटारच्या तारेवर. मी म्हणायची, 'आता!' — आणि हा आधी घोट गिळायचा. 'दाबून तं राह्यलो वं!' सूर चढायचा, पण उशिरा. नेहमीच उशिरा!

असं काही विशेष नव्हतं त्या संध्याकाळी.

११ जानेवारी

राजूचा पुण्याहून फोन. 'आई, बाबांचं वर्षश्राद्ध झालं की तू इकडे यायचं. कारंजाचं घर भाड्यानं देऊ.' मी म्हटलं, आम्ही दोघं वाजवायचो त्या गाण्यातला गिटारचा तुकडा बसू दे, मग बघू. तो हसला. 'कॅसेटमधलं ते अमेरिकन ट्रकवाल्याचं गाणं? अजून?'

अजून. तो बसेपर्यंत मी हे घर सोडणार नाही.

१४ जानेवारी

संक्रांत. वर्षाच्या आतली, म्हणून गोडधोड नाही.

१७ जानेवारी

अडचण जुनीच. त्या गाण्यातल्या गिटारला पायाशी पेडल असतात. पेडल दाबलं की एकच तार चढते, शेजारची जागेवर राहते. माझ्या गिटारला पेडल नाहीत. अमरावतीच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरनी शिकवलं ते नुसता स्टीलचा बार सरकवायला — त्यानं सगळ्या तारा एकदम चढतात. म्हणून रविकांत माझ्या डावीकडे बसून बारच्या मागून एक तार दाबायचा. तोच माझं पेडल.

आता मीच अनामिका वाकवून मागून दाबते. सांधा सुजलाय.

२० जानेवारी

मनकर्णाबाईंनी पकडलं! नणंद आणि शेजारीण एकच असली की असंच व्हायचं.

'वैनी, दादाले जाऊन वरीस नाई झालं, अन् तुमी बाजा घेऊन बसल्या?'

'गिटारला वीज जोडली नाही हो. आवाज तरी येतो का?'

'म्हून काय पाप अर्धं होते?'

खरं तर माझ्याशिवाय कोणालाच ऐकू येत नाही. मी लाकडाला कान लावून वाजवते.

२६ जानेवारी

मनकर्णाबाईंची सून रंजीता आली, सासूशी भांडून. 'मामी, तासभर बसू द्या.' तिनं मोबाइलवर ते गाणं शोधून हळू करून दिलं. आणि काय कळलं! सूर एका दमात चढत नाही. अर्धा चढतो, क्षणभर थांबतो, मग पूर्ण. एवढी वर्षं आम्ही तो सरळच चढवत होतो. रविकांतला सांगायला मान वळवली.

२ फेब्रुवारी

नाही जमत. बोटाला तेल, मीठ-पाण्याचा शेक. मनकर्णाबाई म्हणाल्या, 'कायले एवढा जीव आटवता?' मला वाटतं — तो तुकडा अगदी तंतोतंत आला, की ती संध्याकाळ एकदा तरी पूर्ण ऐकू येईल. बस, एवढ्यासाठी.

९ फेब्रुवारी

पहिली पायरी आली, अर्ध्यावर थांबायची.

१५ फेब्रुवारी

वर्षश्राद्ध झालं. पानात त्याच्या आवडीचे वांग्याचं भरीत आणि रोडगे. मनकर्णाबाई माझ्याजवळ बसून रडल्या. मग नाक पुसत म्हणाल्या, 'घ्या. आता जोडा तुमची इज.'

१६ फेब्रुवारी

जोडली. ॲम्प्लिफायर गरम झाला तेव्हा जळक्या धुळीचा वास. कॅसेटबरोबर वाजवलं. अर्धा, थांबा, पूर्ण. एकही सूर हलला नाही. पुन्हा वाजवलं — पुन्हा तस्संच!

मनकर्णाबाई दारात उभ्या होत्या, रंजीता त्यांच्या मागं.

'लई मस्त झालं वैनी. मशिनीतल्यासारखं.' मग — 'पण दादा असता तं असं नसतं वाजलं. त्याचं मागून मागून यायचं.'

रंजीतानं त्यांचा पदर ओढला. 'आत्या, काही बोलता!'

'काहून? खरं तेच बोलून राह्यली.'

१७ फेब्रुवारी

मुद्दाम उशिरा दाबून पाहिलं. नुसतीच चूक ऐकू आली.

बरोबर वाजवलं की तुकड्यात दोघांची जागाच नाही. माझ्या डावीकडची त्याची खुर्ची रिकामी, भिंतीला टेकलेली, एवढंच दिसतं. वर्षभर हा माणूस या घरात होता, कारण तो तुकडा अडलेला होता. मीच तो सोडवला.

१८ फेब्रुवारी

दिवसभर गिटार उघडली नाही.

२१ फेब्रुवारी

राजूला सकाळी फोन केला. तुकडा बसला म्हटलं. परवा तो गाडी घेऊन येतो आहे. मी जाते.

रविकांतचे दोन्ही स्वेटर कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या चौकीदार पुंजाजींना. शिलाई मशीन शेजारच्या योगिनीला. पितळी डबे मनकर्णाबाईंना, त्यांना कधीपासून हवे आहेत, मागत नाहीत. कॅसेट कोणालाही नको.

गिटार रंजीता आणि मनकर्णाबाई, दोघींना मिळून. बार सुनेनं धरावा, मागची तार सासूनं दाबावी. एकीनं एकटीनं वाजवू नये. भांडण झालं तरी ती कोणा एकीच्या खोलीत जाऊ देऊ नये.