मोऱ्याला न्यायची फटफटी

८ नोव्हेंबर १९५९, पनवेल

गणपतीपासून तुला हात लावला नाही, वही. दिवाळीही गेली. रागावू नकोस. डोक्यात एकच घोर — वेणूचं बाळंतपण! आमची धाकटी, मोऱ्याला, बंदरावर दिलेली. तिची सासू गेल्या साली वारली, घरात दुसरं बाईमाणूस नाही. निरोप आला की तिच्या आईला, ठमाबाईला, तिथे पोचवायलाच हवं. पण ओहोटीला होडी चिखलात बसते आणि संध्याकाळनंतर बस नाही. पोर काय बस बघून जन्माला येणार?

म्हणून आमच्या भगवानाने जुनी फटफटी घेतली. लष्करातली. आज दारात आली! होडी घेताना लाकडावर बोटं वाजवली की आतलं किडकं कळतं. तशी मी तिची टाकी वाजवली, मडगार्ड वाजवलं, दिवासुद्धा वाजवला.

ठमाबाई म्हणाली, "फटफटी हाय ती, नारळ नाय!"

नारळही फोडला. हळदकुंकू वाहिलं. तरी जिवाला घोर आहेच. जुनी म्हणजे कुणीतरी टाकलेली. का टाकली असेल?

१० नोव्हेंबर

मागे बसून पाहिलं. भगवानाने बाजारातून चक्कर मारून आणली. टोपी धरू की मुलाला धरू! एवढी वर्षं होडीत काढली, पण असा वारा तोंडावर कधी घेतला नव्हता. मी मोठ्याने ओरडत होतो म्हणे. मला आठवत नाही.

१३ नोव्हेंबर

इथला खारा वारा लोखंड खातो. आम्ही होडीला मुशी माशाचं तेल चोपडतो, मग पाऊसपाणी आलं तरी लाकडाला काही होत नाही. आज भगवान गिरणीवर कामाला गेल्यावर फटफटीला चोपडलं. चेन, चाकाच्या तारा, चाकाच्या मधला डबा — जिथे फट दिसली तिथे पिसाने आत सोडलं. काय चकाकली!

१४ नोव्हेंबर

सकाळी आळीतली झाडून सगळी मांजरं आमच्या दारात. एक तर बैठकीवर झोपलेलं! गोदूबाई मासळी घेऊन आली ती कमरेवर हात ठेवून उभी. "काय वो तात्या, माझ्या टोपलीपाशी एक मांजर येत नाय आज. फटफटीचं वाटं लावून इकताय का?"

दुपारी हसू पळालं. तळ्याच्या उतारावर भगवानाने ब्रेक दाबला, गाडी थांबेना. थेट पेंढ्याच्या गंजीत! लागलं नाही, देवाची कृपा. डोक्यात पेंढा घेऊन घरी आला.

"बाबा, ब्रेकला तेल पाजलंत?"

त्या डब्यात ब्रेक असतो हे मला काय ठाऊक! होडीला थांबवायचं तर आम्ही नांगर टाकतो.

पण मागे ठमाबाई असती तर? आणि तिकडे वेणू वाट बघत असती तर? जेवलो नाही.

१५ नोव्हेंबर

बापलेकांनी चाक उघडलं. ब्रेकच्या पट्ट्या रॉकेलने धुतल्या, काचकागदाने घासल्या, उन्हात वाळवल्या. भगवानाने चाक परत बसवलं. मग हळूच म्हणाला, "चेन मात्र झकास झालीय बाबा." बरं वाटलं.

त्याच उतारावर परत गेलो. मागे मीच बसलो. दुसऱ्या कुणाला बसवणार? थांबली! मग घरी येईपर्यंत आम्ही उगाचच थांबत आलो. ठमाबाई दारातून, "अवो, जायला घेतलीय का थांबायला?"

१९ नोव्हेंबर

चेन पाहिली. हवा पाहिली. निरोप नाही.

२१ नोव्हेंबर

ठमाबाईने डिंकाचे लाडू बांधले. मी धुतलेलं धोतर काढून ठेवलं, ऐनवेळी घोटाळा नको. नट परत आवळले. भगवान म्हणतो, आणखी आवळाल तर तुटतील. आता तीही काळजी.

२३ नोव्हेंबर

वेणूचा दीर दयाराम शेवटच्या बसने आला. "वयनीला कळा लागल्यात!" पहिल्या किकेला गाडी सुरू! भगवान बसला, मागे ठमाबाई गाठोडं घेऊन बसली, आणि मी धुतलेल्या धोतरात पाय उचलून उभा. बसू कुठे? इतके दिवस सगळं तपासलं, पण माणसं तीन आणि जागा दोघांची, हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही!

ठमाबाई इतकी हसली की पदर पडला. "तुमी उद्या बसनं पन येऊ नका. तुमची घालमेल बघून पोर आतच बसंल. निरोप धाडते, मग या."

गेली. आवाज लांबपर्यंत येत होता. एकसारखा, छान. दयारामला भात वाढलाय. मी ओटीवर एकटाच हसतोय, आणि डोळे का भरतात कळत नाही.

ठमे, मुलगा होवो की मुलगी, वेणू बरी आहे एवढं तरी लवकर कळव गो.