पान एकशे बाराच्या पुढे

शनिवार, २१ सप्टेंबर १९६८. वाकोला.

आधी एक दुरुस्ती. मागच्या रविवारी मी लिहिलं आहे की नानांना वाचून दाखवताना 'एक वाक्य' गाळलं. ते बरोबर नाही. पान ११२ पूर्ण आणि ११३ वरच्या पहिल्या सात ओळी गाळल्या. निदान रोजनिशीत तरी खरं असावं.

कारणही नीट लिहून ठेवते. नाना आमच्या मागच्या खोलीतले भाडेकरू. गिरणीत जॉबर, म्हणजे कामगारांवरचे मुकादम होते, तिथे जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांना मोठ्याने पेपर वाचून दाखवायचे. आता दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. म्हणून रोज संध्याकाळी सात ते पावणेआठ मी त्यांना माझं त्या महिन्याचं पुस्तक वाचून दाखवते. सप्टेंबरचं पुस्तक म्हणजे एका खलाशाच्या कुटुंबाची कादंबरी, ३४० पानं. त्यात माणिक नावाची धाकटी मुलगी आहे. ती काही बोलली की नाना मांडीवर थाप मारतात. ही माणिक पान ११२ वर तापाने मरते. आधी कसलीच सूचना नाही. मी पान उलटलं आणि समोर तेच. नाना मान पुढे करून बसलेले. मी म्हटलं, "पहाटे माणिकचा ताप उतरला."

मी नऊ वर्षांची होईपर्यंत शाळेत गेले नाही, पपांनीच घरी शिकवलं. ते शब्दाखाली बोट ठेवत आणि बोटाच्या पुढचं वाचलं तर टपली मारत. त्यामुळे नसलेलं वाचणाऱ्यांतली मी नाही. हे अपवाद म्हणून झालं.

उद्या चर्चमध्ये रविवारची मिस्सा सुटली की सांगून टाकणार.

सोमवार, २३ सप्टेंबर

सांगितलं नाही. नानांकडे पाहुणे होते. (पाहुणे चारला आले. मिस्सा आठलाच सुटली होती. पण पाहुणे येणार म्हणून सकाळपासून त्यांचं लक्ष नसणारच.)

बुधवार, २ ऑक्टोबर

शांतपणे विचार केला. मी माणिकचं मरण रद्द केलेलं नाही, पुढे ढकललं आहे. पान १६० वर ती मेली तरी लेखकाचं काही बिघडत नाही. नानांच्या मनाची तयारी मात्र होईल.

अडचण एकच. पुस्तकात ११२ नंतर सगळे तिच्या दुःखात आहेत. थोरला भाऊ दुःखाने घर सोडून बोटीवर जातो. मी त्याला नोकरी लागली असं वाचलं. तेराव्याचं जेवण होतं, ते माणिक बरी झाल्याचं जेवण केलं. पदार्थ तेच ठेवले. जमेल तिथे मूळ पुस्तकाशी प्रामाणिक राहायचं.

मंगळवार, १५ ऑक्टोबर

ऑफिसात सुहासिनीने पुस्तक मागितलं. आमचा नियम आहे: महिन्याला एक पुस्तक मी वाचनालयातून आणायचं, एक तिने, आणि पंधरा तारखेला अदलाबदल. सप्टेंबरचं मी दिलं नाही. ऑक्टोबरचं आणलंच नाही. ती म्हणाली, एवढी हळू तू कधीपासून वाचायला लागलीस, अक्षरं मोजतेस की काय. मी म्हटलं की हे पुस्तक काळजीपूर्वक वाचावं लागतं. हे शंभर टक्के खरं आहे.

पुस्तक देता येत नाही, कारण नानांना दिसत नसलं तरी त्यांचा अंगठा हुशार आहे. वाचन संपलं की हात पुढे करतात. "किती रवली पानां?" मग उरलेली पानं चिमटीत धरून जाडी बघतात आणि समाधानाने परत देतात. दुसरं पुस्तक हातात दिलं तर लगेच ओळखतील.

वर्षाला बारा पुस्तकं हा संकल्प कायम आहे. ऑक्टोबरचं पुस्तक: तेच.

रविवार, २७ ऑक्टोबर

डेनिस भिंतीपलीकडून ऐकतो हे आज कळलं. माझा भाऊ, माझ्यापेक्षा तीन वर्षांनी लहान, आणि एकही पुस्तक पुरं वाचलेलं नाही. जेवताना विचारतो, "काय गं, आज तरी कोणी मेलं का?" मी म्हटलं, नाही. "मग माणिकने आज काय खाल्लं?"

ममा म्हणाली, बोंबिलाचं कालवण. म्हणजे ममाही ऐकते.

रविवार, १० नोव्हेंबर

आज माणिकला मारायचं नक्की ठरवलं होतं. पान २०४. होडी उलटते, कोणाचा दोष नाही, एका परिच्छेदात संपतं. दुपारी तालीमही केली. जमलं.

संध्याकाळी नळावर वनमालावहिनीने गाठलं. ही नानांची सून. ती म्हणाली, नानांनी ऑपरेशनला होकार दिला. दोन वर्षं ती आणि तिचा नवरा मागे लागले होते. सासूबाई गेल्यापासून नानांचं एकच म्हणणं होतं, डोळे उघडून आता बघायचं काय. डॉक्टरांनी सांगितलंय की आणखी उशीर केला तर उपयोग होणार नाही. आणि काल अचानक स्वतःच म्हणाले, तारीख घ्या.

मी म्हटलं, छान झालं.

वहिनी म्हणाली, "तुझ्यामुळे गं. म्हणतात, माणिकचा लगीन मी माझ्या डोळ्यांनी वाचतलंय."

तिचं लग्न ठरलं आहे असं मी वाचलेलं नाही. फक्त एक मुलगा दोनदा घरी येऊन गेला, असं वाचलं होतं.

होडी उलटवली नाही. हवा चांगली होती असं वाचलं.

शनिवार, ३० नोव्हेंबर

कन्फेशनला गेले. फादरना सांगितलं की एका म्हाताऱ्या माणसाशी मी खोटं बोलते. ते म्हणाले, किती वेळा. मी आकडा काढून नेला होता: पंचाहत्तर संध्याकाळी, ताप आला तो शनिवार वगळून. ते म्हणाले, नीट सांग. सगळं सांगितलं. त्यात बराच वेळ गेला, मागे रांग लागली. फादर म्हणाले, त्यांना खरं सांग, हेच तुझं प्रायश्चित्त. मी म्हटलं, सांगितलं तर ते ऑपरेशन करून घेणार नाहीत. फादर म्हणाले, मग ऑपरेशननंतर सांग, पण सांग. मी उठले तेव्हा त्यांनी जाळीआडून विचारलं, "त्या मुलाच्या घरचे तयार आहेत का?"

मी म्हटलं, सासूचं अजून कळत नाही.

एकूण बरं वाटलं. फादरनी नक्की तारीख दिलेली नाही.

शुक्रवार, २० डिसेंबर

सासूचं कळलं. कडक आहे. डबे रोज पुसून उलटे ठेवते, चप्पल कुठल्या पायाची आधी काढली यावरून माणूस ओळखते. नाना हसून हसून खोकले. ममा चुलीपाशी होती. नंतर मला म्हणाली, अशा बायका असतात.

पान ३०० आलं तसं नानांनी हात वर केला. "आता तू थांब. फुडला मी वाचतलंय." पुस्तक घेऊन उशीखाली ठेवलं. चाळीस पानं उरली आहेत. त्यांत एकाही ओळीत माणिक नाही.

डिसेंबरचं पुस्तक: उशीखाली.

गुरुवार, ९ जानेवारी १९६९

काल ऑपरेशन नीट झालं. भेटीच्या वेळी इस्पितळात गेले होते. डोळ्यांवर पट्टी, डोक्याला दोन्ही बाजूंनी वाळूच्या पिशव्या, हलायचं नाही, हसायचं नाही. सांगायचं पक्कं ठरवून गेले होते. पण हलायचं नाही म्हणजे दचकायचंही नाही. नर्सला विचारून खात्री केली.

जाड भिंगाचा चष्मा सहा आठवड्यांनी मिळणार. सहा आठवडे म्हणजे बेचाळीस दिवस. एक वाक्य सांगायला बेचाळीस दिवस खूप झाले.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

काही सांगितलं नाही, कारण विषय निघाला नाही. पुस्तक घेऊन परवा पुन्हा वाचनालयात गेले, तारीख वाढवून घेतली, परत त्यांच्या उशीखाली ठेवलं. दर महिन्याला जाते. तिथले गृहस्थ आता विचारतही नाहीत, माझ्याकडे बघून शिक्का उचलतात.

सुहासिनी कंटाळून घाटकोपरच्या मावशीकडून दुसरी प्रत घेऊन आली आणि दोन दिवसांत वाचूनही झाली. आज टाइपरायटर तसाच सोडून माझ्या टेबलाशी आली, डोळे सुजलेले. म्हणाली, दुष्ट आहेस, आधी एक शब्द तरी बोलायचं होतंस, बिचारी माणिक गेली.

माझ्या तोंडून निघालं, "कधी?"



बुधवार, १९ फेब्रुवारी

राखेचा बुधवार. सगळे लेंटच्या चाळीस दिवसांत मटण सोडतात, मी ही गोष्ट सोडणार. उद्या चष्मा येतो. त्याआधी, म्हणजे आज संध्याकाळीच सांगणार.

त्याच दिवशी, साडेआठ. गेले होते. नाना केस कापून आले होते. वहिनीने नवा पंचा काढून ठेवला होता, उद्या वाचताना भिंगं पुसायला. मी चहा घेऊन परत आले.

रविवार, २३ फेब्रुवारी

चष्मा गुरुवारी आला. त्या दिवशी त्यांनी ३०० पासून शेवटपर्यंत वाचलं. शुक्रवारी मागे मागे जात पान ११२ ला पोचले. वहिनी सांगते, तेव्हापासून धड जेवले नाहीत, कोणाशी बोललेही नाहीत. काल भिंतीला तोंड करून पडून होते. मी दोन दिवस कामावरून मागच्या गल्लीने घरी येते. गल्ली रुंद आहे, मोकळी हवा मिळते.

डेनिस म्हणाला, "वाट लागली ना तुझी? जा आता, सांग त्यांना." चेष्टेत नाही म्हणाला. ते जास्त वाईट वाटलं.

बुधवार, २६ फेब्रुवारी

सांगितलं.

संध्याकाळी नानांनीच बोलावणं पाठवलं. बाजल्यावर बसले होते, पुस्तक मांडीवर, भिंगामागे डोळे एवढे मोठे दिसतात की आधी मला ओळखताच आले नाहीत. मी दारातूनच बोलले, कारण आत गेले असते तर बोलले नसते.

"नाना, माणिक पान एकशे बारावर मेली. पुढचं सगळं मी मनाने सांगितलं."

वनमालावहिनीचं लाटणं थांबलं. नाना हसले. पोट धरून.

"तू? चाय करूक सांगितली तर साखर किती म्हणान दोनदा विचारतंस. आणि तुका ह्या सगळा सुचला?"

मी म्हटलं, हो, सुचलं. ते म्हणाले, गो बाय, वाचनालयवाल्यांना सांभाळून घेऊ नको. त्यांनी दोन दिवस पडून सगळा विचार केला आहे. गिरणीत कापडाच्या दोन ठाणांचा माल एकत्र होतो, तसा बांधणीत दोन पुस्तकांचा झाला. मी विचारलं, मग मी याच पुस्तकातून कसं वाचलं. तर म्हणाले, हे ते पुस्तकच नव्हे. तू दर महिन्याला तारीख वाढवायला न्यायचीस, तिथे कधीतरी प्रत बदलली. चांगली ठेवून घेतली, वाईट तुझ्या हातात दिली. भोळी आहेस.

इतकं बिनतोड होतं की मलाही क्षणभर शंका आली.

मग मला राग आला, हे लिहून ठेवायला हवं. तीन महिने रोज पाऊण तास मी वाचलं, भाऊ बोटीवर मी पाठवला, जेवण मी घातलं, आणि म्हणे तुला काय सुचणार. मी म्हटलं, ती सासू म्हणजे आमची ममा आहे. डबे उलटे ठेवते ते बघा जाऊन. नाना गंभीर झाले. म्हणाले, आईबद्दल असं बोलू नये, तुझी ममा देवमाणूस आहे, पुस्तकातली बाई वेगळी, आणि ती ज्याने लिहिली त्याला मानला पाहिजे. वहिनी म्हणाली, "जाऊ दे गं, तुला त्यांचं वाईट वाटतं म्हणून म्हणतेस, आम्हाला कळतं."

मग नानांनी जेवायला वाढायला सांगितलं. तीन भाकऱ्या खाल्ल्या. चांगली प्रत आण, म्हणाले, घाई नाही, पण लग्न झाल्याशिवाय मी दुसरं पुस्तक वाचणार नाही.

फादरनी सांगितलेलं मी केलं. त्यावर विश्वास बसला पाहिजे, असं ते म्हणाले नव्हते. तरी मला हे अर्धवट ठेवणं पटत नाही. नानांना पुरावा दिला पाहिजे. येताना दोनशे पानी वही घेतली. पान ११२ पासून मी जे जे वाचलं ते जसंच्या तसं उतरवून त्यांच्या हातात द्यायचं. माझं अक्षर दिसलं की मानावंच लागेल. लग्नाचा भाग मी वाचलेला नाही, पण तोही लिहावा लागेल, नाहीतर पुरावा अर्धा वाटेल. सासू मुंडावळ्यांवरून भांडेल, असं आता दिसतं आहे. पण ते केवळ पुराव्यापुरतं.

उद्या ऑफिसात महिनाअखेरचं काम. शुक्रवारी चर्चमध्ये क्रूसाच्या वाटेची प्रार्थना. शनिवारी चादरी धुवायच्या. रविवारी काम करू नये, आणि हे काम आहे की नाही ते फादरना विचारलेलं नाही.

म्हणून सोमवार, ३ मार्च १९६९, संध्याकाळी साडेसहा.