राहेलआत्यांची मूठ

झावळ्यांचा रविवार, १९४४. संध्याकाळ.

राहेलआत्यांची मूठ काही डोळ्यांपुढून हलत नाही.

आपल्या देवळात या दिवशी बायका क्रुसावर अक्षता टाकतात. येशू राजा होऊन नगरात येतो आणि तोच मंडळीचा, आपल्या सगळ्यांचा, नवरदेव, म्हणून हळदीत माखलेली ज्वारी. यंदा धान्याचे हाल. यांनी उपासनेआधीच सांगितलं, अन्न सांडायचं नाही. पाळक म्हणून बरोबरच बोलले. मग मला राग का आला?

बाकीच्यांनी ज्वारी मुकाट्यानं पदरात बांधली. आत्या मूठ आवळून उभ्याच. मी हळूच म्हटलं, "आत्या, पुढच्या वर्षी टाका."

"तुमाला काय बाई, तुमी कुनाच्याबी लग्नात टाकता. मला रांडमुंडीला कोन म्होरं येऊ देतंय? ह्यो एकच नवरदेव हाय, मागं सर म्हनत न्हाई."

खरंच की. बाप्तिस्मा घेऊन दोन पिढ्या झाल्या, तरी आपल्या लग्नांतही विधवा मांडवाच्या कडेलाच.

प्रभुभोजनाला त्या पुढे गेल्या तेव्हाही ती मूठ मिटलेलीच होती. प्रभूचं शरीर म्हणून मिळणारी भाकर घ्यायला ती उघडावीच लागली. घामानं दाणे तळहाताला चिकटलेले, पिवळेधमक. हे थबकले. आता रागावतात की काय, असं मला वाटलं. पण यांनी भाकरीचा तुकडा त्या दाण्यांवरच ठेवला.

आत्यांनी डोळे मिटून सगळंच तोंडात घातलं. एकही दाणा सांडला नाही.